पत्ता पुसलेली पाकिटं

तीर्थरूप बाबा,
लांबूनच वाकून नमस्कार. माझं जेवण वेळेवर होतं, एवढं आईला सांगा.

प्रयोगशाळेत दिवसभर काय करतेस, असं विचारलंत. रक्तातलं कोलेस्टेरॉल प्रथिनाच्या पाकिटांतून फिरतं. साखर वाढली की ती त्या प्रथिनाला चिकटते आणि यकृताला त्यावरचा पत्ता नीट वाचता येत नाही. मग पाकीट रक्तातच भटकतं आणि धमनीच्या भिंतीत जाऊन बसतं. तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला आणखी काय सांगू?

तपासणीआधी दोन दिवस गोड सोडायची तुमची युक्ती मात्र इथे उघडी पडते. चिकटलेली साखर दोन दिवसांत सुटत नाही.

पण ही पाकिटं फार दिवस टिकत नाहीत. शरीर रोज नवी, स्वच्छ पत्त्याची काढतं. आजपासून साखर आवरलीत तर पुढच्या आठवड्यातली बरीच पाकिटं नीट पोचतील. पायाला मुंग्या अजून येतात का? खरं काय ते लिहा.

पुसट पत्त्याचं पाकीट तुम्ही कधी परत पाठवलं नाहीत, दारोदार विचारून पोचवलंत. यकृताला ती सवय नाही, बाबा. त्याला पत्ता स्वच्छच लागतो.

तुमचं शेंडेफळ