मालीशच्या खोलीतलं रडणं

आई,

बाळ गेल्यापासून तृप्तीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून आज तिची कंबर चोळता चोळता मी तेल बाजूला ठेवलं, तिला नुसता श्वास सोडायला लावला, आणि ती पहिल्यांदा रडली. तेवढ्यात तुम्ही दार ढकलून म्हणालात, "रडायचं आपापल्या घरी, इथं मालीश होते!" बिचारी चप्पल हातात घेऊन पळाली.

मालीश तुम्हीच शिकवलीत, मान्य. पण दुखरं अंग हाताला कळतं, दुखरं मन कुणी चाचपायचं? मी श्वास शिकवणार, पथ्य सांगणार, रडणंही ऐकणार. त्याला पुन्हा थेरं म्हणू नका.

तिला समजवायला चांदवडला तिच्या घरी चाललेय. तुमच्या गुडघ्यांचं तेल कोमट करून ठेवलंय.

उद्यापासून माझ्या खोलीचं दार वाजवायचं, मगच आत यायचं.

वैष्णवी