घरात टमाटे कोणी खात नाही

सोमवार, ४ डिसेंबर १९४४
पुन्हा अळी! टमाट्याला बारीक भोक आणि आत ही हिरवी बया आरामात बसलेली. करपलेली पानं तोडून जाळली, राख धुरळली, तंबाखूचं पाणी मारलं — सगळं फुकट. आठ दिवसांनी तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यावर टोपली जायची आहे. अख्ख्या अणदुरात टमाटे फक्त माझ्या परसात! मागच्या खेपेला साहेब म्हणाले, "मास्तर, क्या बात है!" पेन्शनीत निघालेल्या माणसाला एवढं पुरतं.

बुधवार, ६ डिसेंबर
सोलापुराहून सोमल मागवला. जहर आहे, पण अळी जागेवर मरते म्हणे. सकाळी झाडांवर पूड मारली. रुद्रम्माला सांगितलं नाही. बायको माझी, गल्लीभर बोंब करील. आणि सांगायचं कशाला? घरात टमाटे कोणी खात नाही. "मांसावानी दिसतंय, शिव शिव! चुलीपाशी आणू नगा," हे तिचंच फर्मान. सून चन्नम्मा सोलापूरची. तिनं एकदा विचारलं होतं, "येक शिजवू का?" सासूनं असं पाहिलं की पोर पुन्हा बोलली नाही.

शनिवार, ९ डिसेंबर
अळ्या मेल्या! खालचे दोन पिकलेले टमाटे मात्र गायब. पाखरं असावीत.

सोमवार, ११ डिसेंबर
टोपली रवाना. तीन पाण्यांनी धुतले, एकेक पुसला. साहेबांना बाधायला नको.

मंगळवार, १२ डिसेंबर
चन्नम्माला सकाळपासून उलट्या. रुद्रम्मा गालात हसतेय. आमचे चिरंजीव शरणबसप्पा लाजून बैलांकडे पळाले! लग्नाला चार वर्षं झाली, मी आशा सोडली होती. डोळे भरून आले. "काय खावंसं वाटतं पोरी?" विचारलं. मान खाली घालून म्हणाली, "काय न्हाय, मामंजी."

शुक्रवार, १५ डिसेंबर
आणखी पाच गेले. देठासकट! पाखरं देठ नेत नाहीत. शेजारचा भीमाशंकर असणार, कुंपणावरून नजर असतेच त्याची. सोमलाचं त्याला सांगायला हवं होतं. पण चोराला कसली सूचना? आज पुन्हा पूड मारली.

रविवार, १७ डिसेंबर
चन्नम्मा उठत नाही. तळपाय जळतात, बोटांना मुंग्या. "पहिलटकरणीला व्हतंय आसं," रुद्रम्मा म्हणते. मला भीती वाटते. भीमाशंकर मात्र ठणठणीत, सकाळी पारावर खिदळत होता.

सोमवार, १८ डिसेंबर
सुईण गजराबाई आली. पोट चाचपलं. बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, हिला दिवस न्हाईत. ह्ये काय तरी येगळंच हाय."
मग काय आहे?

मंगळवार, १९ डिसेंबर
चन्नम्माच्या उशीखाली फडक्यात टमाट्याचे देठ निघाले. सात. शरणबसप्पा गाडी जुंपतोय, सोलापूरच्या दवाखान्यात नेतो. काय खाल्लं ते डॉक्टरांना मलाच सांगावं लागेल. आत ती रुद्रम्माचे हात धरून विनवतेय — "मामंजींस्नी सांगू नगा, रागावतील."