खांबामागची खुर्ची

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.१०

टर्र.

डोळे उघडायच्या आधी ऐकला. छिद्रांच्या रेषेवरून तिकीट फाटतं, तो आवाज. अर्धं प्रेक्षकाला, अर्धं मला. छत्तीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसून मी हा आवाज काढला. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण कानातून काही तो निवृत्त होत नाही.

उठून बघितलं. घरात कुणी काही फाडत नव्हतं. सून म्हणाली, बाबा, नातीच्या बुटाचा चिकटपट्टा असेल, तोही असाच वाजतो. असेल. शास्त्रीय कारण सापडलं की मी लगेच मानतो. नात मात्र अजून झोपलेली होती.

संकल्प: येत्या तेवीस तारखेला, त्याच नाट्यगृहात, संध्याकाळी सहाला माझा एकपात्री कार्यक्रम. नाव ‘तोंडपाठ’. पहिली ते सातवीच्या पुस्तकांतल्या चाळीस कविता, हातात कागद न घेता. दोनशे खुर्च्या. विकायच्या एकशे नव्व्याण्णव.

दोनशेवी म्हणजे च-१७. खांबामागची. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ती मी एका नर्सबाईंना विकली आणि खांबाचं सांगितलं नाही. मध्यंतरात त्या खिडकीशी आल्या नि म्हणाल्या, अहो, मी नाटकाचं तिकीट काढलं होतं, खांबाचं नाही. मी घाबरून घुबडाच्या कवितेच्या दोन ओळी म्हटल्या. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

पण तिनं सोडलं नाही. लग्नाआधी आणि नंतरही, दर शनिवारी तीच खुर्ची मागायची. पहिल्या रांगेतली देऊ केली तरी नको. मी काय समजायचं ते समजलो. शिक्षा होती ती. तोंडानं एक शब्द न काढता.

ती जाऊन दोन वर्षं झाली. आता निदान या कार्यक्रमात त्या खांबामागे कुणालाही बसवायचं नाही. एवढं केलं की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. अगदी सोपं काम आहे.

४ नोव्हेंबर. दुपारी

पुतणी ग्राहकांच्या तक्रारींच्या ऑफिसात आहे. तिनं कार्यक्रमांची तिकिटं विकणाऱ्यांसाठीची नियमपुस्तिका पाठवली. काका, हे वाचल्याशिवाय एकही तिकीट विकू नका, असा निरोप. दोनदा वाचली. काय सुंदर गद्य! विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता तिकिटावर हवा. सगळे आकार धरून एकच किंमत आधी सांगायची. खोटी घाई लावायची नाही. स्टेज नीट दिसत नसेल तर विकण्याआधी स्पष्ट सांगायचं. कार्यक्रम रद्द झाला तर न मागता पूर्ण पैसे परत.

न मागता! कुणा कवीला सुचलं असतं हे?

मी नियम मोडणाऱ्यातला नाहीच. तिकिटावरचा ‘काव्यसेवा आकार’ खोडला. तो मी खरं तर गंमत म्हणून छापायला दिला होता.

६ नोव्हेंबर. संध्याकाळी

तिकिटं आली. हलकी गुलाबी, मधोमध छिद्रं. पाठीमागे माझं नाव आणि मुलाच्या फ्लॅटचा पत्ता, मजल्यासकट. मी प्रेसवाल्याला बजावलं होतं, च-१७ छापायचं नाही. त्यानं जुन्या नकाशावरून सरसकट छापलं. म्हणाला, आजोबा, मधला नंबर गाळला तर मशीन अडतं. मशीनला काय कळतंय. ते एक तिकीट पाकिटात घालून नाट्यगृहाच्या पहारेकऱ्याकडे दिलं. पाच ते सात खिडकीवर तोच बसणार आहे. निक्षून सांगितलं: हे विकायचं नाही.

रिहर्सल केली. घुबडाची कविता:

घुबडा घुबडा, निजलास का?
फांदीवरती थिजलास का?
गाव निजलं, दिवे निजले…

चौथी ओळ जिभेवर आहे. नात म्हणाली, आजोबा, जिभेवर आहे तर थुंका ना. हल्लीच्या शाळांत कविता शिकवत नाहीत, त्याचा हा परिणाम.

९ नोव्हेंबर. रविवार

विक्री जोरात. तीन.

लोकांना जरा जाग यावी म्हणून फलक लावला: ‘मोजकीच तिकिटे शिल्लक’. कुणीतरी त्याचा फोटो पुतणीला पाठवला (सून असावी. ती आज फारच गोड बोलत होती). पुतणीचा फोन. काका, हे खोटं आहे, हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, एकशे शहाण्णव शिल्लक आहेत आणि मी स्वतः मोजली आहेत.  ती म्हणाली, काका, फलक उतरवा.

उतरवला. तसाही तो वाऱ्यानं पडतच होता.

पुढे जाऊन तिनं विचारलं, मावशींना बोलावलंय का? म्हणजे आमच्या हिची धाकटी बहीण. नाही. मी कुणावर राग धरत नाही. पण अकरा वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या लग्नात मी मंगलप्रसंगी कविता म्हणायला उभा राहिलो, तर भर मांडवात म्हणाली, भाऊजी, आधी जेवणं उरकू द्या, नंतर झोपा काढायच्याच आहेत. मी तिला त्याच दिवशी क्षमा केली. तेव्हापासून बोललो नाही, एवढंच. हिच्या शेवटच्या दिवशी येऊन कोपऱ्यात बसून गेली. तेव्हाही नाही.

११ नोव्हेंबर. दुपारी ४

फोन आला. बाईचा आवाज. ‘तोंडपाठ’ आपलाच का, त्यात घुबडाची कविता आहे का, विचारलं. आहे म्हटलं. मग म्हणाली, च-१७ मिळेल का.

तो आवाज.

हिचाच. तोच हेल, वाक्याच्या शेवटी श्वास सोडायची तीच सवय. मी म्हटलं, ती जागा नाही. ती म्हणाली, नाही कशी, खांब पाडला का? मी फोन ठेवला. म्हणजे हातातून खाली पडला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सुनेला सहज विचारलं, मेलेल्या माणसाचा आवाज दुसऱ्या माणसाला येऊ शकतो का. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलात का नीट?

१२ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.३०

च-१७ विकलं गेलं.

पहारेकरी म्हणतो, एक बाई आल्या, चष्मा, छत्री, केस सगळे पांढरे. तेच मागितलं. मी ओरडलो, तुला नाही म्हटलं होतं ना? तो शांतपणे म्हणाला, साहेब, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की आधी सांगायचं. मी तीनदा सांगितलं, बाई, समोर खांब आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर हवंय.

नाव? सांगितलं नाही. पत्ता? विचारला नाही. पुस्तकात विकणाऱ्याचा पत्ता लिहायला सांगितलाय, घेणाऱ्याचा नाही, असं वर मलाच शिकवतो.

म्हणजे छत्तीस वर्षांत मी जे केलं नाही ते या माणसानं पहिल्याच आठवड्यात केलं. तो नवीन आहे. नव्या माणसाला असतो उत्साह.

१४ नोव्हेंबर. सकाळी ११

उत्तर सापडलं. सगळं उलगडलं.

ती शिक्षा नव्हतीच! रात्रभर विचार केला (झोप उडाली होती म्हणून नव्हे). त्या खुर्चीवरून स्टेज दिसत नाही, मग काय दिसतं? बाजूचं दार. दाराबाहेर तिकीटखिडकी. खिडकीत मी! ती नाटक सोडून मला बघत बसायची. डोळे भरून आले. सुनेलाही सांगितलं. ती म्हणाली, छान आहे हो बाबा.

लगेच नाट्यगृहात जाऊन च-१७ वर बसलो.

दार दिसतं. दारावर ‘पुरुष’ लिहिलंय. शेजारी लाल बादली. खिडकी त्या बाजूला नव्हतीच कधी. तिकिटांची खोली मागच्या भिंतीपलीकडे, म्हणजे खुर्चीवर बसलं की पाठीशी. खेळ सुरू झाला की मी खिडकी लावायचो, उरलेली तिकिटं जुळवत मोठ्यानं कविता म्हणायचो. दिसायचा प्रश्नच नाही.

परत शिक्षाच.

खांबाला हात लावून बघितला. डोक्याच्या उंचीवर रंग उडून गुळगुळीत झालाय. कुणीतरी वर्षानुवर्षं घासल्यासारखा. तिथं फार वेळ बसलो नाही. काम होतं.

१७ नोव्हेंबर. दुपारी

काळाबाजार! कंपाउंडरनं (माझा चाळीस वर्षांचा मित्र, औषधाच्या पुड्या बांधण्यात हयात गेली) पाच तिकिटं घेतली होती. ती तो बागेत विकतोय असं कळलं. रक्त उसळलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. काळाबाजार होतो म्हणजे मागणी आहे. गेलो. तो निम्म्या किमतीत विकत होता. एकही गेलं नव्हतं. मला बघून म्हणाला, अरे, तुझ्यासाठी घेतली रे, पण रविवारी माझी मॅच असते टीव्हीवर.

एकूण विक्री नऊ. कंपाउंडरची पाच, सुनेच्या ऑफिसातली तीन आणि ते एक.

२० नोव्हेंबर. सकाळी

टर्र. परत. नात शाळेत, सून ऑफिसात. मुलगा तर महिनाभर बाहेरगावी. मी पलंगावर बसलेला. बाहेरच्या खोलीत जाऊन सगळ्या पट्ट्या, पडदे, कॅलेंडर तपासलं. काही नाही.

स्टेजवर उभा राहीन. दिवे लागतील. एकशे नव्व्याण्णव खुर्च्यांचं काय ते मी बघून घेईन. पण च रांगेत, खांबाच्या कडेनं पांढऱ्या केसांची एक बट दिसली, तर? मी कुठल्या तोंडानं तिसऱ्या ओळीच्या पुढे जाऊ?

चौथी ओळ अजून नाही.

घसा बसलाय असं वाटतंय.

२१ नोव्हेंबर

घसा नक्की बसलाय. सून म्हणाली, बाबा, तुम्ही आत्ता फोनवर खणखणीत बोलत होतात. बोलायचा घसा वेगळा आणि कवितेचा वेगळा, हे तिला कोण समजावणार. ग्राहकाला दुय्यम दर्जाची सेवा देणं मला पटत नाही. कार्यक्रम रद्द. हा पळ नाही. हे ग्राहकहित आहे. नाट्यगृहाच्या दारावर स्वतः पाटी लावली.

पुतणीला कळवलं. काका, बरं केलंत, आता पैसे परत करा, म्हणाली. ‘बरं केलंत’ हे तिनं फार पटकन म्हटलं.

२२ नोव्हेंबर. संध्याकाळी

न मागता परत केले. कंपाउंडरनं मिठी मारली. सुनेच्या ऑफिसातले तिघं इतके खूश झाले की एकानं मला चॉकलेट दिलं. एखाद्या कार्यक्रमानं एवढा आनंद दिल्याचं मी छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आठ पाकिटं गेली. नववं टेबलावर आहे. वर लिहिलंय: च-१७. नाव नाही, पत्ता नाही. नियम सांगतो न मागता द्या. कुणाला देऊ? कुठं जाऊन देऊ?

म्हणजे हिचं देणं या खेपेलाही राहिलंच. खांबाचं पहारेकऱ्यानं सांगितलं, पण कार्यक्रम मी दाखवलाच नाही. पाकिटाकडे बघवत नाही, म्हणून त्यावर वर्तमानपत्र ठेवलं. आता वर्तमानपत्राकडे बघवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६.५०

सून चहा ठेवायला आत गेलीय, तेवढ्यात लिहून घेतो. 

सव्वासहाला बेल वाजली. दाराबाहेरून तोच आवाज. विचारत होता, तिकिटावरचा पत्ता हाच ना?  सुनेनं दार उघडलं आणि किंचाळली, अगंबाई, मावशी तुम्ही!

धाकटी. हिची बहीण. दोन वर्षांत केस सगळे पांढरे झालेत, आणि अकरा वर्षं न ऐकलेला आवाज थेट हिचा. एका हातात गुलाबी तिकीट, काखेत उशी.

उशी कशाला, विचारायच्या आधी तीच बोलायला लागली. भाऊजी, नाव सांगितलं असतं तर तिकीट दिलं असतं का तुम्ही मला? मुलाची बदली इथंच झालीय. ताई गेल्यापासून झोप नाही हो. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले. पेपरात तुमचं नाव वाचलं आणि ताईचं बोलणं आठवलं. म्हणायची, रात्रपाळी करून यायची, घरी सगळ्यांचा गलका, झोप म्हणून फक्त त्या खांबाला टेकून. पाठीमागच्या भिंतीतून तुमचं ते घुबड सुरू व्हायचं आणि डोळे मिटायचे. शनिवारचे तीन तास आठवडाभर पुरायचे, म्हणायची.

मी म्हटलं, ती माझ्यावर रागावून नव्हती बसत? ती म्हणाली, रागावून कुणी घोरतं का भाऊजी?

कार्यक्रम रद्द झालाय, हे पैसे घ्या, म्हणून पाकीट पुढे केलं. तिनं ते बघितलंही नाही. पैसे नकोत, कविता हवीय. दारावरची पाटी वाचून तशीच रिक्षा करून आलेय.

मी कबूल केलं. इतके दिवस कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. चौथी ओळ येत नाही मला.

तर म्हणाली, नसू दे. ताई कधी तिसरीच्या पुढे जागी राहिली नाही.

मग चपला काढून आत आली, छत्री कोपऱ्यात लावली, उशी छातीशी धरून बाहेरच्या खोलीत चौफेर नजर फिरवली आणि मला विचारलं, खांब कुठाय?