मालकाच्या मालाला शिंकायचं नाही

३ मार्च १९३७
आमच्या निपाणीच्या तंबाखू-वखारीतले मुनीम हरिभाऊ पाडव्याला रिटायर होणार. ती गादी माझीच. अण्णासाहेब मालकांना माझ्याइतका लॉयल माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. निश्चय: आजपासून वखारीत शिंकणार नाही. मालकाच्या मालाला शिंकणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं.

५ मार्च
शिंक नाही. डोळे सुजलेत. शेजारचा कारकून भरमू नाकाला फडकं बांधून बसतो. मालाचा उघड अपमान! मालकांच्या कानावर घातलं. म्हणाले, "मग तूबी बांध की रं." परीक्षा घेतात माझी.

१४ मार्च, रविवार
सुट्टी असून गेलो. वखारीला कुलूप. पायरीवर बसून राहिलो. कुणी पाहिलं नाही, पण निष्ठा ती निष्ठा. बायको म्हणते, "तंबाखू तुमी इकतासा, का तंबाखूनं तुमास्नी इकत घेतलंय?" बायकांना ऑफिस कळत नाही. फार थकलोय. पाडव्यानंतर झोपेन.

२ एप्रिल
गुजरातचा बडा व्यापारी आला. रुमालाखाली मालकांनी त्याचा हात धरला, बोटांनी भाव सुरू. मी मागे, श्वास कोंडून. आणि महिनाभर दाबलेली शिंक नेमकी तेव्हाच सुटली. सौद्यात एकेरी शिंक म्हणजे अपशकुन! व्यापाऱ्यानं हात ओढला. तेवढ्यात भरमू फडकं काढून दणक्यात शिंकला, वर म्हणाला, "जोडशिंक झाली शेटजी, लई शुभ!" व्यापारी हसला. हात पुन्हा रुमालाखाली. सौदा पटला.
म्हणजे निम्मं श्रेय माझं. पहिलीच नसती, तर दुसरी शिंक काय कामाची? मालक माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. भारावले असावेत.

१२ एप्रिल, पाडवा
गादीवर भरमू बसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मष्णूअण्णा, दिवं लागायच्या आत घरला जात जावा. मालकांनी सांगितलंय. आन् बाहेरचा व्यापारी आला, तर त्या दिवशी यिऊच नगासा." वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण मालकांचा हुकूम. पाळला.
कित्येक वर्षांत पहिल्यांदाच उजेडात घरी पोचलो. बायको घाबरली, म्हणाली, "काढलं व्हय?" नाही म्हटलं. परसात जाऊन बसलो. पेरूचं झाड दिसलं, चांगलं छपराच्या वर गेलेलं. कुणी लावलं म्हणून विचारलं.
म्हणाली, "तुमीच की."