कुलूपवालीची पट्टी

१२ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. दादा-वहिनींना विचारलंय म्हणून सांगा. इकडे आई आणि मी ठीक.

"पडलेलं नाटक पडूच दे," असं तुम्ही लिहिलंत. बाबा, मी ते पुन्हा बसवायला घेतलंय, पण तुमचं म्हणणं सहज झटकून टाकलं नाही. कुलूपवालीचं ते संगीत नाटक खरंच चांगलं आहे, की त्यात आई होती म्हणून मला तसं वाटतं, हे मी स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं. पहिला अंक रेंगाळतो. सावकाराचे विनोद तेव्हाही शिळेच होते. पण तिसऱ्या अंकात चोर आत कोंडलेला, कुलूपवाली दाराबाहेर, आणि मधल्या बंद दारातून दोघं गातात! परवा तालमीत ते गाणं सुरू झालं आणि नेपथ्याचा सुतार हातोडी खाली ठेवून ऐकत बसला. असलं गाणं कुणी अडगळीत टाकतं का?

मग नाटक पडलं कशानं? मी तेव्हा शाळेत होते, पण विंगेत बसून ऐकलंय. प्रेक्षक ओरडत होते, "बाई, मोठ्यानं!" मोठ्यानं कुठून गाणार? नायक, म्हणजे चोर, तुम्ही; सगळी गाणी तुमच्या खालच्या पट्टीत बसवलेली. आई घशाच्या तळातून सूर ओढून काढत होती. पेटीवाले काका म्हणाले, "नायकाची पट्टी तीच नाटकाची पट्टी. तिला विचारतंय कोण!" तुम्ही मात्र आजवर नाटकालाच नावं ठेवलीत. आणि आई अजून भांडी घासताना गुणगुणते, तेही तुमच्याच पट्टीत.

या वेळी पट्टी कुलूपवालीची. आमचा नायक म्हणाला, "ताई, दोन सूर खाली घ्या, नाहीतर मी चाललो."

म्हटलं, "दार उघडंच आहे."

गेला.

कुलूपवाली कोण करणार, हे तुम्ही विचारलं होतंत. इतका वेळ टाळलं. आई करतेय. वयानं तिचा आवाज थोडा उतरलाय, खोटं कशाला बोलू. तरी तुमच्या पट्टीच्या कितीतरी वर आहे. काल तिनं वरचा षड्ज लावला आणि स्वतःच दचकली. "अगं बाई, हा माझा?"

आणि चोर मी. नाक तुमचंच आहे. मिशी लावल्यावर आई हसत सुटली, "अगदी तोच चोर!"

शनिवारी पडदा उघडेल. तुमची खुर्ची राखून ठेवली आहे, शेवटच्या रांगेत. मुद्दाम. तिथवर ती ऐकू येईल.

तुमची मुलगी, आणि या खेळात तुमच्या जागी उभी,
धाकटी