लिंबाच्या वासाचं पाणी

७ जानेवारी
निर्णय झाला. घरात झाडांची टाकी येणार. नुसते मासे ठेवायची काचेची पेटी नव्हे. आत खरी माती, खऱ्या पाणवनस्पती, त्यांच्या आधाराने जगणारे मासे. सगळं मिळून एक स्वयंपूर्ण जग. माणसाने फक्त समोर बसून बघायचं.

बघणार बाबा. साबणाचा कारखाना बंद झाल्यापासून ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि काहीही विचारलं तर 'हं' म्हणतात. वडीवर छाप उठवणाऱ्या मशीनवर आयुष्य गेलं त्यांचं. डॉक्टर म्हणाले, यांना कशात तरी गुंतवा, नाहीतर असेच आत आत जात राहतील. 'कशात तरी' हे काही शास्त्रीय उत्तर नाही. ते मी शोधलं. पाण्यातली हालचाल बघून मन मोकळं होतं, असं एका लेखात आहे. मन मोकळं झालं की बोलणं आपोआप येईल.

घरातली पहिली पदवी माझी, तीही जीवशास्त्रातली. ती काही भिंतीवर टांगायला घेतलेली नाही. (टांगलेली आहे. पण तो आईचा हट्ट.)

८ जानेवारी
घरच्यांना योजना समजावली. आई म्हणाली, झाडांना पाणी घालतात हे माहीत होतं, पाण्यात झाडं घालतात हे आजच कळलं. धाकटीची शंका, की ताई, टाकी तिथे ठेवलीस तर बाबांची खिडकी झाकेल. मी विचारलं, खिडकीतून दिसतं काय? समोरच्या इमारतीचा उघडा जिना. लोक चढतात, लोक उतरतात. त्यापेक्षा पाण्याखालचं जंगल केव्हाही बरं.

बाबांना विचारलं. 'हं' म्हणाले. म्हणजे होकार.

११ जानेवारी
टाकी आली. मामाने आणून दिली आणि कंबर धरून निघून गेला.

दुकानदाराचं म्हणणं, महिनाभर मासे सोडू नका, आधी झाडं रुजू द्या. मी म्हणाले, आमच्याकडे महिना नाही. तो म्हणाला, बघा बुवा, होतं सेट कधी कधी. आणि लगेच माशांची पिशवी बांधून दिली. वर एक गोगलगाय फुकट. त्याच्या मताला फार किंमत देण्याचं कारण नाही.

माती पसरली, वर वाळू, मग नदीवरून आणलेले दगड. बाबा उठून आले. एक दगड उचलून त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. मी तो हळूच काढून घेतला. म्हटलं, तुम्ही फक्त बघायचं, बाबा. श्रम नकोत. ते परत जाऊन बसले. पहिल्याच दिवशी खुर्चीतून उठले, हे मात्र नोंदवायला हवं.

१२ जानेवारी
पाणी चहासारखं. मासे आहेत की नाहीत ते कळत नाही. कुठल्याही नव्या व्यवस्थेत सुरुवातीला थोडी अस्पष्टता असतेच. बाबा तासभर त्या चहाकडे बघत होते. एकाग्रता वाढली आहे.

१६ जानेवारी
गढूळपणा निवळला. मासे आहेत. संध्याकाळी बाबांना जीवाणूंचं चक्र समजावून सांगितलं. घाण कोण खातं, त्याचं काय होतं, ते झाडांना कसं मिळतं. मध्येच त्यांनी सांगायला सुरुवात केली, की कारखान्यात आमच्याकडे पण पाण्याची एक... पण तेवढ्यात मी महत्त्वाच्या टप्प्यावर आले होते, म्हणून आधी तो संपवला. नंतर विचारलं, तुम्ही काय म्हणत होतात. म्हणाले, काही नाही.

पण सांगायला लागले आहेत.

२० जानेवारी
झाडांची पानं गळून तरंगायला लागली. धाकटी म्हणाली, तुझं जंगल टकलू झालं. तिला समजावलं, की जुनी पानं स्वेच्छेने निवृत्त होतात आणि नव्यांना जागा देतात. 'निवृत्त' म्हणताना बाबा ऐकत होते. शब्द दुसरा वापरायला हवा होता. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.

२३ जानेवारी
दगडांवर तपकिरी थर आला आहे. नैसर्गिक.

आज मोठी घटना. बाबा स्वतःहून बोलले. टाकीपाशी वाकून म्हणाले, दगड मळलेत. मी म्हणाले, तो मळ नाही, जीवसृष्टी आहे. ते म्हणाले, काढून धुतले तर? मी हसून म्हटलं, बाबा, हे काही कारखान्यातलं मशीन नाही, याला सारखा हात लावायचा नसतो. याचं हे आपोआप चालतं.

'हं' म्हणाले. पटलं.

२७ जानेवारी
गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका प्रयोगशाळेत मुलाखत होती. सकाळी निघाले, दिवस मावळायला परत. मुलाखतीचं कळवतो म्हणाले. कळवणार नाहीत, कारण मी त्यांच्या साहेबांची एक चूक दुरुस्त केली.

पण घरी येऊन बघते तो सगळे दगड लखलखीत. एका दिवसात. गोगलगाय. दुसरं काय असणार? दुकानदाराने फुकट दिली, म्हणजे त्याला तिची किंमतच कळली नव्हती. मी टाकीसमोर बसून सगळ्यांना गोगलगायीचं कार्य समजावलं. निसर्ग स्वतःची काळजी स्वतः घेतो, हे घरात प्रत्यक्ष सिद्ध झालं. धाकटी तोंड उघडून काहीतरी म्हणणार होती, बाबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग सगळे टाकीकडेच बघत राहिले. भारावले असावेत.

बाबांची बोटं पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली होती आणि सदऱ्याच्या बाह्या ओल्या. हल्ली अंघोळीच्या वेळा पाळत नाहीत. यावर काम करायला हवं.

२८ जानेवारी
पाण्यावर बारीक फेस. झाडांनी सोडलेला प्राणवायू असावा. वासही ताजा, लिंबासारखा. झाडांचा श्वास इतका सुगंधी असतो, हे कुठल्याच पुस्तकात नाही. यावर मी स्वतः एक लेख लिहावा का?

मासे सारखे वर येतात. माणसाळले.

२९ जानेवारी
मासे मेले. सगळे. गोगलगाय शंखातून अर्धी बाहेर, हलत नाही.

दुपारी
वास पुन्हा घेतला. मग न्हाणीघरात जाऊन साबणाची वडी नाकाला लावली. तोच.

कारखाना बंद होताना निरोप म्हणून प्रत्येक कामगाराला साबणाची खोकी दिली होती. आमच्या पलंगाखाली अजून आहेत. घरात केसांपासून भांड्यांपर्यंत सगळं त्याच लिंबू साबणाने धुतलं जातं. आमच्या नाकाला तो वास साबणाचा म्हणून कळतच नाही. वैज्ञानिक निरीक्षणात अशी एखादी जागा राहून जाऊ शकते.

आईच. तिला काहीही चकचकीत केल्याशिवाय चैन पडत नाही. रात्री जेवताना सगळ्यांसमोर विषय काढायचा. भांडण नको. प्रबोधन.

३० जानेवारी
काल जेवताना विषय काढला. आधी साबण माशांच्या कल्ल्यांवर काय परिणाम करतो ते सविस्तर सांगितलं. मग म्हणाले, ज्याने कुणी दगडांना साबण लावला त्याला जीवशास्त्राचं ओ की ठो कळत नाही हे ठीक, पण विचारायची तरी पद्धत असते. आईकडे बघून म्हणाले. आई ताटाकडे बघत होती. धाकटी म्हणाली, ताई, पुरे. मी म्हणाले, पुरे कसं, जीव गेलेत.

बाबा म्हणाले, मी धुतले.

मग उठले, हात धुतले, खुर्चीत जाऊन बसले. ताटात निम्मं तसंच होतं.

३० जानेवारी, संध्याकाळी
आईने भांडी विसळता विसळता सांगितलं. माझ्याकडे न बघता. त्या दिवशी मी गेल्यावर बाबांनी एकेक दगड बाहेर काढला. न्हाणीघरात पाट घेऊन बसले. प्रत्येक दगड घासला, खळबळून धुतला, जसा होता तसा परत ठेवला. दुपारचं जेवण विसरले. गुणगुणत होते, आई म्हणाली. किती महिन्यांनी. मध्ये तिला हाक मारून दगड दाखवायचे, वडी दाखवावी तसे. धाकटीला बजावलं होतं, सांगू नको, बघू तिच्या लक्षात येतं का.

मी घरात आले तेव्हा ते दाराकडे बघत होते. ते मला आठवतं. मुलाखतीचं विचारतील असं वाटलं होतं.

आणि मी गोगलगायीला शाबासकी दिली.

१ फेब्रुवारी
बाबांची माफी मागितली. नीट तयारी करून. सांगितलं, की चूक तुमची नव्हती, नियोजनाची होती, दगडांविषयी पुरेशी माहिती आधी द्यायला हवी होती, साबणातले घटक नेमके... तिथे मला माझाच आवाज ऐकू आला. थांबले.

बाबा काही म्हणाले नाहीत. 'हं'सुद्धा नाही.

३ फेब्रुवारी
आजही नाही. आई म्हणते, राहू दे त्यांना. डॉक्टरांना विचारावं का? विचारलं तर काय झालं ते सांगावं लागेल.

५ फेब्रुवारी
टाकी रिकामी केली. माती पिशवीत भरली. मामा म्हणाला, परत उचलायला मला बोलवू नका. दुकानदार परत घेत नाही. होतं असं, म्हणाला. टाकी आता पलंगाखाली, साबणाच्या खोक्यांशेजारी.

संकल्प: पुन्हा एखादा उपक्रम सुरू करण्यापूर्वी... हे वाक्य नंतर पूर्ण करेन.

६ फेब्रुवारी
खिडकी मोकळी झाली. बाबांशेजारी खाली बसले. काही सांगायचं नाही, एवढं ठरवून.

समोरच्या जिन्यावर दोघंजण मोठी गादी वर नेत होते. एक वरून ओढत होता, एक खालून ढकलत होता, दोघं एकमेकांना शिव्या देत होते. आम्ही बघत होतो. बराच वेळ.

बाबा म्हणाले, वळणावर अडकणार ती.

गादी मधोमध दुमडून दोरीने बांधली असती तर अडकली नसती. अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हणाले, हं.