सगळ्या देशाचा एक नंबर

अल गराफा, दोहा
१४ मार्च २००७

चि. देवू,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे कसे आहेत? इथली थंडी संपली, एसी लागले. गिरीशची बढती झाली, आता साइटवर जावं लागत नाही, ऑफिसातच असतो. मेल करायचं सोडून कागदावर लिहितेय म्हणून हसशील. शेजारची फरहा उद्या खेडला माहेरी निघालीय, ती हे मुंबईत पोस्टात टाकेल. घरचा कॉम्प्युटर गिरीशचा, माझा पासवर्डही त्यानेच घालून दिलेला.

तुझी माफीची मेल वाचली. 'ताई, चूक झाली, परत ये, तुझ्यासारखा मॉडरेटर गडकोटला मिळायचा नाही.' वा रे वा! गेल्या महिन्यात सगळ्या फोरमसमोर मला फितूर म्हणालास, तेव्हा कुठे गेली होती ताई?

बँकेतली नोकरी सोडून इथे आले आणि नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसले. तूच म्हणालास, मित्रांबरोबर 'गडकोट' हा गेम काढलाय, त्याचा फोरम सांभाळ. पोरं एकमेकांचे किल्ले घ्यायची आणि आयमाय काढायची. मी ती घाण पुसायचे, औषधांच्या जाहिराती उडवायचे, शिवराळांना आधी समज द्यायचे, मग बॅन. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. माझा शब्द कुणीतरी ऐकत होतं. गिरीश मात्र जेवताना म्हणायचा, "झाली का फौजदारकी?"

मग तो 'वेताळ' उगवला. एका नावाला बॅन केलं की दुसऱ्या नावाने हजर. सगळा रोख माझ्यावर. घरी रिकामी बसलेली बाई, नवऱ्याच्या जिवावर जगते आणि पुरुषांना दम देते. बाकीचं लिहवत नाही.

तो कुठल्या कनेक्शनवरून लिहितो ते बघायला तू त्याचा आयपी नंबर काढलास. तो आणि माझा एकच निघाला. लगेच तुझा निकाल तयार! ताईच दोन नावांनी खेळतेय, सहानुभूती हवीय तिला. फोनवर तू तो नंबर वाचून दाखवलास आणि मी गप्प राहिले. तुला ती कबुली वाटली.

तू तो नंबर बंद केलास आणि इथून खेळणारी सगळीच पोरं बाहेर फेकली गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल थुमामात राहणारा फरहाचा भाऊ सुफियान तुला मेलवर मेल करत होता. तेव्हा तुला कळलं, की इथल्या सगळ्या देशाचं इंटरनेट एकाच दारातून बाहेर पडतं, नंबर सगळ्यांचा एकच दिसतो. म्हणजे वेताळ कुणीही असू शकतो. सगळ्यांना हायसं वाटलं. तुलाही.

मला नाही वाटलं, देवू.

तू मला काढलंस त्याच्या आदल्या दिवशी वेताळाने लिहिलं होतं, 'आधी यामिनीला धड जन्म द्यायचा होतास, मग लोकांना शिस्त लावायची.' वाचल्याबरोबर मी पुसून टाकलं. हाताला सवयच ती. पार मुळापासून पुसलं, तुलाही आता सापडणार नाही.

माझं मूल सहाव्या महिन्यात गेलं, एवढं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मुलगी होती आणि तिचं नाव यामिनी ठेवायचं ठरलं होतं, हे मी आईलाही सांगितलं नाही. अबू हमूरहून येताना गाडीत ठरवलं होतं. गाडीत आम्ही दोघंच होतो.

तुझा खुलासा आल्यावर मी गिरीशला सरळ विचारलं. भात कालवता कालवता म्हणाला, "तुझ्याच भावाने लिहिलंय ना, सगळ्या देशाचा एक नंबर आहे? मग?" आणि ताक मागितलं. मी वाढलं. त्याच्यापेक्षा मला माझीच चीड जास्त येते.

फरहाला यातलं काही सांगितलेलं नाही. तरी काल माझं तोंड बघून म्हणाली, "दे गो चिठ्ठी माझ्याकडं. खलास, आता रडू नको." तिने पुरावा मागितला नाही.

एप्रिलमध्ये मी येतेय, परत जायला नाही. आईला काय सांगायचं ते मी सांगेन. तू मधे पडून समजूत घालू नकोस, गिरीशला फोन करून 'खरं काय' विचारू नकोस. तो हसून सांगेल आणि तुला पटेल. तो फार चांगलं बोलतो, तुला माहीतच आहे.

मजकूर मी पुसलाय. नंबर सगळ्या देशाचा आहे. माझ्याजवळ दाखवायला काही नाही. मागच्या वेळी तुझ्यापुढे नंबर होता आणि बहीण होती, तू नंबर धरलास. या वेळी नुसती बहीण आहे. दारात मला 'नक्की ना?' असं विचारणार असशील, तर आत्ताच फरहाच्या माहेरी फोन करून सांग, नंबर पाकिटामागे लिहिलाय. मी नाशिकला मावशीकडे उतरेन.

फोन आला नाही, तर तू दार उघडशील असं धरून चालणारी,

तुझीच,
शैलाताई